कवेलूचं घर, स्लॅबचं घर आणि विम्याचा कागद

बुटीबोरीचा इतिहास म्हटला की आपण लगेच एमआयडीसीकडे वळतो. आज आपण कारखाने बाजूला ठेवू आणि घरांकडे पाहू. कारण या गावात गेल्या दोन-तीन पिढ्यांत सगळ्यांत जास्त बदललं असेल, तर ते घर.

समजा, एक घर आहे. आजोबांच्या काळी मातीच्या भिंती, वर कवेलू. वडिलांनी विटांच्या भिंती घेतल्या, स्लॅब टाकला. आसपास कारखाने आले, कामगारांना राहायला जागा हवी होती, म्हणून मुलाने वर मजला चढवला आणि खोल्या भाड्याने दिल्या. अशी घरं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. आता प्रश्न असा, की घर तीनदा बदललं, पण विम्याचा कागद किती वेळा बदलला?

घराचं बांधकाम आणि विमा यांचं नातं फार जुनं आहे. 1666 मध्ये लंडनला मोठी आग लागली, लाकडी घरांच्या ओळीच्या ओळी जळाल्या. त्यानंतर निकोलस बार्बन या बांधकाम व्यावसायिकाने घरांच्या आगीचा विमा सुरू केला. त्याच्याकडे विटांच्या घराला जो दर होता, त्याच्या दुप्पट दर लाकडी घराला होता. म्हणजे भिंत कशाची आहे, हा विमा कंपनीचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न आहे. आपल्याकडेही गवत, बांबू, लाकडी फळ्या, ताडपत्री यांच्या भिंती किंवा छपराला विम्याच्या भाषेत ‘कच्चं बांधकाम’ म्हणतात.

भारतात 1 जानेवारी 1973 पासून सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. 107 विमा संस्थांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. आगीच्या विम्याचे दर ठरलेले असत. 1 जानेवारी 2007 पासून ते बंधन सैल झालं. पण या सगळ्या काळात कारखान्याचा, गोदामाचा विमा लोकांना ठाऊक होता. राहत्या घराचा मात्र क्वचितच. गृहकर्ज देताना बँकेने उतरवायला लावला, तर तेवढाच.

याची किंमत महाराष्ट्राने 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे पाहिली. किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड छप्पर माणसांवर कोसळलं. गावं पुन्हा उभी राहिली ती शासन, जागतिक बँक आणि मदत करणाऱ्या संस्थांच्या पैशातून. आणि फार लांब कशाला जायचं? 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. तळमजल्यावरचं फर्निचर, फ्रिज, कपाटं, सगळं चिखलात गेलं.

आता आपल्या त्या घराकडे परत येऊ. विमा उतरवला तेव्हा खाली 600 चौरस फूट होतं. बांधकामाचा दर समजा 1,500 रुपये. विमा रक्कम झाली 9 लाख. पुढे वर तेवढाच मजला चढला. घर 18 लाखांचं झालं, कागद मात्र 9 लाखांवरच. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत सरासरीची अट असते: विमा निम्मा, तर भरपाईही निम्मी. चार लाखांचं नुकसान झालं तर हातात दोनच लाख. लोक इथे चिडतात, म्हणतात, ‘नुकसान तर नऊ लाखांच्या आतलंच होतं ना!’ बरोबर आहे. पण हप्ताही अर्ध्याच घराचा भरला होता.

1 एप्रिल 2021 पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. आग, भूकंप, वादळ, पूर यांचं संरक्षण तिच्यात आहे. घरातल्या सामानालाही इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. कमी रकमेच्या विम्याची ती जाचक अटही यात शिथिल केली आहे. मग निश्चिंत व्हायचं का? नाही. विमा रक्कम निघते ती चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर, अशी. न कळवलेला मजला त्या हिशेबात येतच नाही, आणि भरपाई विमा रकमेच्या वर जात नाही. शिवाय बांधकाम वाढवलं, घर भाड्याने दिलं किंवा त्याचा वापर बदलला, तर कंपनीला कळवणं ही पॉलिसीधारकाची जबाबदारी आहे. खाली किराणा दुकान काढलं, तरी तेच.

एक गैरसमजही दूर करू. एमआयडीसीमुळे प्लॉटची किंमत वाढली म्हणून विमा वाढवायची गरज नसते. जमीन जळत नाही, वाहून जात नाही. विमा असतो तो पुन्हा बांधायच्या खर्चाचा.

आपल्याकडे स्लॅब पडला की पेढे वाटतो, वास्तुशांती करतो, पाहुण्यांना जेवू घालतो. त्याच आठवड्यात एक अर्ज विमा कंपनीला द्यायचा, नवं क्षेत्रफळ लिहायचं आणि पोच घ्यायची. मिस्त्रीची बिलं आणि कामाआधीचे, कामानंतरचे फोटो जपून ठेवायचे. आणि ते घराच्या कपाटात नको. कपाटच बुडालं तर? एक प्रत बहिणीकडे, भावाकडे, दुसऱ्या घरी ठेवा.

घर आपण तीन पिढ्यांत बांधतो. कागदही तेवढ्याच वेळा बदलायला हवा. आता आपण प्रश्न घेऊ.