रामजी सुभेदारांचे उत्तर

अभिजात ग्रंथ मुलाच्या हाती कोणत्या वयात द्यावा, हा प्रश्न पांढरपेशा पालकाला पडतो तेव्हा त्याच्यापुढे अडचण असते ती भाषेची, फार तर त्यातील शृंगाराची वा हिंसेची. आपल्याकडे याच्या कितीतरी आधी दुसराच प्रश्न उभा होता. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग मुलीने तो १८५५ साली 'ज्ञानोदया'त विचारला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आम्हाला धर्मपुस्तकच नाही, मग आमचा धर्म तरी कोणता? तेव्हा ती चौदा वर्षांच्या आसपास होती. मराठी समीक्षेचा इतिहास शिकताना हा निबंध मला कुणी दाखविला नाही.

पुढची पायरी रामजी सकपाळांच्या घरात दिसते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ मध्ये एक प्रस्तावना लिहिली होती. १९५७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा ती त्यात नव्हती. तीत त्यांनी आपल्या लहानपणीच्या वाचनाची हकीकत दिली आहे. सुभेदार कबीरपंथी, मूर्तिपूजा न मानणारे. तरीही रात्री झोपण्यापूर्वी भीमा आणि त्याचा थोरला भाऊ यांनी बहिणींना व घरी जमलेल्या मंडळींना महाभारत-रामायणाचा काही भाग वाचून दाखवायचा, अशी त्यांची सक्ती होती. हा क्रम कित्येक वर्षे चालला. मुलगा इंग्रजी चौथी पास झाला, वस्तीने त्याचा सत्कार केला आणि कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. ते वाचल्यावर त्याने वडिलांनाच गाठले: ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांचा हीनपणा सांगणारे हे ग्रंथ आम्हाला का वाचायला लावता?

सुभेदारांचे उत्तर भाविकाचे नव्हते. ते लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले गृहस्थ. त्यांनी हिशेब करून ग्रंथ निवडले होते. आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड येईल, तो या ग्रंथांनी जाईल, असे त्यांचे म्हणणे. द्रोण-कर्ण लहान माणसे, पण केवढी चढली! वाल्मीकी तर कोळी, आणि रामायणाचा कर्ता!

हे उत्तर मला नेहमीच अस्वस्थ करते. द्रोण दरिद्री होता खरा, पण ब्राह्मण होता. एकलव्याचा अंगठा मागणारा तोच. कर्ण सूतपुत्र म्हणून अपमान सोसतो आणि अखेर निघतो कुंतीचाच मुलगा. बापाने औषध म्हणून दिलेल्या पुडीत रोगही होताच. मुलाला ते पटले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण त्याच्या मनात भरले नाहीत. शूर्पणखा, वाली आणि सीता यांच्याशी रामाने केलेले वर्तनही त्याला रुचले नाही. वडील गप्प राहिले. पोराने बंड केले आहे, हे त्यांनी ओळखले. या गप्प राहण्याला मी फार किंमत देतो. त्यांनी मुलाला झापले नाही, पाप लागेल असे म्हटले नाही. 'रिडल्स'मधील राम-कृष्णाची चिकित्सा १९८७ साली शासनाने छापली तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले! त्या चिकित्सेचे बी या रात्रींच्या वाचनात आहे, असे मला वाटते.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात १९५६ नंतर घरोघरचे देव गेले, त्यांच्याबरोबर पोथ्याही गेल्या. माझ्या आजोबांनी 'पांडवप्रताप' अरुणावतीत सोडला. त्यांना अक्षरओळख नव्हती. पोथी लाल फडक्यात बांधलेली असे आणि तिला फक्त हळदकुंकू लागे. सोडली ते योग्यच झाले. जिला प्रश्न विचारता येत नाही, ती पोथी घरात ठेवून करायचे काय?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी अभिजात भाषा ठरली. तेव्हापासून हा शब्द शाळाशाळांतून फिरतो आहे आणि वस्तीतले पालक मला विचारतात, सर, सहावी-सातवीच्या पोराला काय द्यावे? महाभारत द्या, असे मी सांगतो. मात्र एकलव्याच्या पानाशी थांबा आणि पोराला बोलू द्या. 'श्यामची आई'विषयी (१९३५) मी इतक्या झटकन होकार देत नाही. त्यात मोळी खाली पडलेल्या महार म्हातारीला हात दे, असे आई श्यामला सांगते, आणि मग घरी येऊन आंघोळ कर, असेही सांगते. त्या काळी ब्राह्मण घरातल्या बाईने एवढे म्हणणे धीटपणाचे होते, हे मी वर्गात शिकवतोच. पण अकरा वर्षांच्या आमच्या मुलीने ते पान वाचताना श्यामच्या जागी उभे राहायचे की म्हातारीच्या? पुस्तक तिला श्यामच्या जागी उभे करते. वस्तीत परतल्यावर ती म्हातारी तिची आजी असते. हे तिच्याशी बोलायला मोठे माणूस जवळ नसेल, तर पुस्तक दोन वर्षे थांबले तरी चालेल.

राहिले केळुसकरांचे बुद्धचरित्र. ते १८९८ चे. त्यातली लांबलचक वाक्ये आजच्या बारा वर्षांच्या मुलाला एकट्याने पेलणार नाहीत. ते मोठ्याने वाचूनच दाखवावे लागेल. वर्षावासात आमच्या विहारांत संध्याकाळी माणसे जमतातच. वाचायला मात्र मुलांनाच बसवावे.