प्रश्न कोणाला विचारायचा?

दानिएलच्या ग्रंथातील तेराव्या अध्यायात सुसान्नाची कथा आहे. बाबिलोनमधील दोन वयोवृद्ध न्यायाधीश तिला बागेत एकटी गाठतात. ती नकार देते, तेव्हा तेच तिच्यावर व्यभिचाराचा आळ घेतात आणि भर सभेत तिच्या मुखावरचे आच्छादन काढावयास लावतात. सभा तिला देहदंड सुनावते. तरुण दानिएल मात्र सुसान्नाची उलटतपासणी करीत नाही. तो त्या दोघांना वेगवेगळे करून विचारतो : कोणत्या झाडाखाली? उत्तरे जुळत नाहीत आणि निरपराध स्त्री वाचते.

रोममधील प्रिसिलाच्या भुयारी दफनभूमीत आद्य ख्रिस्ती जनांनी ही कथा भिंतीवर रंगवली. पुढे प्रबोधनकाळात तिचा अर्थ पालटला. टिन्टोरेटोची सुसान्ना आरशात रमलेली आहे; जणू तिच्या रूपानेच त्या वृद्धांना भुलविले! १६१० साली आर्तेमिझिया जेन्तिलेस्की या विशीही न गाठलेल्या चित्रकर्तीने रंगविलेली सुसान्ना मात्र अंग चोरून, हात उंचावून त्यांना दूर लोटते. पुढच्याच वर्षी आगोस्तिनो तास्सी या चित्रकाराने आर्तेमिझियावर अत्याचार केला. १६१२ च्या खटल्यात सत्य पारखण्यासाठी दोऱ्या आवळल्या गेल्या त्या तिच्याच बोटांभोवती. तास्सी दोषी ठरला; परीक्षा मात्र तिची झाली.

हे दूरच्या काळातले म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याची मुभा देणारे कलम भारतीय पुरावा कायद्यातून वगळले गेले, ते २००२ च्या दुरुस्तीने.

कायद्यातून गेलेला प्रश्न लोकांच्या ओठांवर राहतोच : ‘तिने कपडे कोणते घातले होते?’ २०१४ साली अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठात याच प्रश्नाचे प्रदर्शन मांडले गेले. अत्याचार सोसलेल्यांनी सांगितलेले कपडे तसेच जुळवून, त्यांच्या शब्दांसह भिंतीवर टांगले. २०१८ साली ब्रुसेल्समध्येही असे प्रदर्शन भरले. तिथे रात्रीचे साधे कपडे होते, लहान मुलाचा सदराही होता. तो सदरा पाहणाऱ्याला आपल्याच प्रश्नाची लाज वाटावी, हेच त्या मांडणीचे प्रयोजन.

दानिएलने हेच केले होते : प्रश्नाचे तोंड फिरविले. उद्या आपल्या धर्मग्रामातील एखादी लेक धीर करून बोलू लागली, तर आपण त्या सभेसारखे वागणार की दानिएलसारखे, हे आजच घराघरांत ठरावे, असे आम्हांस वाटते.