केडगावची आग

मराठी वाचकाला माहीत असलेल्या पंडिता रमाबाई साधारणपणे १९०० सालाशी संपतात. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेली संस्कृतज्ञ, १८८२च्या 'स्त्रीधर्मनीति'ची लेखिका, १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यामुळे पुण्याला दुरावलेली विधवा, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडणारी, आणि दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलीबायकांना केडगावी आणणारी. पुढची बावीस वर्षे बहुतेक चरित्रांत भराभर उरकली जातात. त्यांतही १९०५-०७ या तीन वर्षांपाशी लेखणी अवघडते. सुधारकांच्या वारसदारांना तिथला धार्मिक आवेश रुचत नाही आणि प्रतिष्ठित चर्चवाल्यांना तिथला गोंगाट. माझ्या मते रमाबाईंच्या आयुष्यातला सर्वांत धाडसी प्रयोग याच तीन वर्षांत झाला. स्वतःच्या पांडित्यावर उभी राहिलेली ही बाई निरक्षर मुलींच्या तोंडून देव बोलू शकतो हे मान्य करून बाजूला सरली.

यामागची ख्रिस्ती कल्पना आधी सांगायला हवी. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पवित्र आत्म्याच्या कृपादानांची यादी आहे. ज्ञान, विश्वास, रोग बरे करणे, संदेश देणे, अन्य भाषांत बोलणे, त्यांचा अर्थ सांगणे अशी ती दाने. ती कोणाला द्यायची हे आत्मा ठरवतो. शिक्षण, पद वा वंश पाहून ती वाटली जात नाहीत. यादी निरुपद्रवी दिसते, पण ती अक्षरशः घेतली तर पगारी पाळकाचे व्यासपीठ डळमळू लागते. म्हणून प्रस्थापित चर्चांनी बरीच शतके असे मानणे पसंत केले की यांतली चमत्कारिक दाने प्रेषितांच्या काळापुरतीच होती.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे मत ढिले पडू लागले. रमाबाई १८९८ साली इंग्लंडातल्या केझिकच्या अधिवेशनाला गेल्या, तेव्हा त्यांनी भारतासाठी पवित्र आत्म्याच्या वर्षावाची प्रार्थना मागितली. ऑस्ट्रेलियात उज्जीवन झाल्याचे ऐकून १९०३ साली त्यांनी कन्या मनोरमा आणि सहकारी मिनी एब्रम्स यांना तिकडे पाहायला पाठवले. १९०४च्या अखेरीस वेल्समध्ये उज्जीवनाची लाट उसळली, आणि वेल्श मिशनऱ्यांमार्फत ती १९०५च्या आरंभी खासी टेकड्यांत पोहोचली. जानेवारी १९०५मध्ये रमाबाईंनी मुलींना रोजच्या खास प्रार्थनेचे आवाहन केले. सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत संख्या साडेपाचशेवर गेली आणि प्रार्थना दिवसातून दोनदा होऊ लागली.

२९ जूनच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास एक मुलगी जागी होऊन मोठ्याने प्रार्थना करू लागली. शेजारणीला तिच्या अंगावर ज्वाळा दिसल्या आणि ती पाण्याची बादली आणायला धावली. बादली ओतणार तोच तिला कळले की मुलगी जळत नाही. हा वृत्तांत एब्रम्सने लिहून ठेवला आहे. ज्वाळांचे काय करायचे ते वाचकाने ठरवावे. मला ती बादली महत्त्वाची वाटते. चमत्काराची वाट पाहत बसलेल्या भाविकाला पाणी आणायचे सुचत नाही. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावत असताना सगळ्या मुली एकदम रडू लागल्या, मोठमोठ्याने पापे कबूल करू लागल्या. रमाबाईंना निरूपण थांबवावे लागले. पुढचे कित्येक दिवस शाळेचे वेळापत्रक बाजूला पडले.

आपल्याकडचा वाचक म्हणेल, हे तर अंगात येणे. काही गोऱ्या मिशनऱ्यांनाही नेमकी हीच भीती वाटली: थरथरणे, घुमणे, शेकडो जणींनी एकाच वेळी ओरडून प्रार्थना करणे, यात जुने 'मूर्तिपूजक' संस्कार वर येत आहेत की काय? रमाबाई पुराणिकाच्या कन्या, भारतभर पायी हिंडून तीर्थक्षेत्रांतले सगळे प्रकार पाहिलेल्या. दोन्हींतले साम्य त्यांना दिसत नव्हते असे मानणे कठीण आहे. तरी त्यांनी मुलींना गप्प केले नाही. भारतीयांनी भारतीयांच्या स्वभावाप्रमाणे प्रार्थना करावी, पाश्चात्त्य शिस्तीचा साचा देवावर लादू नये, असे त्यांचे म्हणणे होते. कसोटी एकच: प्रार्थना ओसरल्यावर वागणूक बदलते का? चोरलेली वस्तू परत येते का, भांडण मिटते का?

१९०६ साली काही मुली अन्य भाषांत बोलू लागल्या. दौंडचे मिशनरी अल्बर्ट नॉर्टन यांनी इंग्रजी न येणाऱ्या एका स्त्रीला इंग्रजीत प्रार्थना करताना ऐकल्याचे लिहिले आहे. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर अशीच चळवळ सुरू झाली होती, आणि पेंटेकोस्टल पंथाचा सारा इतिहास तिथून सुरू करण्याची प्रथा आहे. पण अझुसाचे पहिले प्रचारक, गार दांपत्य, कलकत्त्यास पोहोचले ते १९०६-०७च्या हिवाळ्यात, म्हणजे केडगावी आग लागून दीड वर्ष झाल्यावर. आणखी एक फरक आहे. अमेरिकेत अन्य भाषा हा आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा अनिवार्य पुरावा ठरला; केडगावी ते अनेक दानांपैकी एक दान राहिले. अधिक वजन होते ते मुलींनी टोळ्या करून आसपासच्या गावांत प्रचाराला जाण्याला. या मुली कोण होत्या? दुष्काळातून उचललेल्या, बालविधवा, टाकलेल्या, कित्येक अशा जातींतल्या की ज्यांना गावाने कधी बोलू दिले नव्हते. आता त्या गावात उभ्या राहून बोलत होत्या.

मिनी एब्रम्सने १९०६ साली या अनुभवावर पवित्र आत्मा व अग्नी यांच्या बाप्तिस्म्याविषयी एक पुस्तिका लिहिली. तिची प्रत १९०७ साली चिलीतल्या वालपराइसो शहरी मेरी हूवर हिला मिळाली. शिकागोच्या प्रशिक्षण शाळेत दोघी बरोबर होत्या. मेरीचे पती विलिस हूवर तिथल्या मेथडिस्ट मंडळीचे पाळक. दोन वर्षांत त्यांच्या मंडळीत तीच चिन्हे दिसू लागली. सप्टेंबर १९०९मध्ये नेली लेडलॉ या स्त्रीला सांतियागोच्या चर्चमध्ये संदेश द्यायचा होता. पाळकाने परवानगी नाकारली, प्रकरण पोलिसांपर्यंत गेले आणि लोक तिच्या बाजूने चर्च सोडून बाहेर पडले. १९१०च्या परिषदेत हूवरवर ठपका आला, त्यांनीही मेथडिस्ट चर्च सोडले. त्यातून उभी राहिलेली चर्चे परदेशी पैशाशिवाय वाढली आणि आज चिलीतल्या प्रॉटेस्टंटांत त्यांच्या परंपरेचेच लोक बहुसंख्य आहेत.

मग ठिणगी तिकडे पेटली आणि महाराष्ट्रात का विझली? 'विझली' हा शब्द थोडा कठोर आहे, पण मराठी मंडळ्यांचा कायापालट झाला नाही हे खरे. मला दोन कारणे दिसतात. रमाबाईंना नवा पंथ काढायचाच नव्हता. सदन कुठल्याही मिशनच्या ताब्यात नव्हते, तसे त्याला स्वतःचे मंडळ्यांचे जाळेही नव्हते. मुली लग्न होऊन गेल्या त्या निरनिराळ्या मिशनांच्या चर्चांत, आणि तिथे बोलायला उभे राहायचे ते पगारी पुरुष. दुसरे कारण नारायण वामन टिळकांनी अचूक हेरले होते. मिशनच्या पगारावर जगणारी मंडळी आपल्या पायांवर उभी राहू शकत नाही, हे ओळखून त्यांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' मांडला. अभंग आणि कीर्तन हेच त्यांचे कृपादान. पण १९१९ साली ते गेले आणि दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. दोन्ही प्रयोग एका व्यक्तीच्या आधाराने उभे होते. चिलीत मात्र भार सामान्य कामकऱ्यांच्या मंडळीने उचलला.

एब्रम्सने १९१० साली फक्त स्त्रियांची अशी एक मिशनरी संस्था काढली आणि १९१२ साली ती वारली. रमाबाई या काळात बायबलच्या मराठी भाषांतराकडे वळल्या होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी एकटीने ते काम केले, आणि तेही पंडिती संस्कृत शब्द कटाक्षाने टाळून, खेड्यातल्या बाईला वाचता यावे असे. १९२१ साली मनोरमा गेली; ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई. भाषांतर तोवर पुरे झाले होते. सदनाच्या छापखान्यात स्त्रियांनीच खिळे जुळवले, पाने छापली, आणि १९२४ साली ते बायबल बाहेर पडले.