पडदा गेला, पिंप आले

इंग्लंडच्या मध्यभागी स्टॅफर्ड नावाचे एक जुने गाव आहे. तेथील ब्रिज स्ट्रीटवर ‘पिक्चर हाउस’ या नावाची एक इमारत उभी आहे. १९१४ साली, पहिले महायुद्ध सुरू होण्याच्या थोडे आधी, ती चित्रपटगृह म्हणून उघडली गेली. नाव आजही तेच आहे. पण नावावर विसंबून चित्रपट पाहावयास जाणाऱ्या परक्या माणसाची मोठी फसगत व्हावयाची. आत शिरून मान वर केली, तर नक्षीदार गिलाव्याचे छत आणि रंगमंचाची कमान दिसते. मान खाली केली, तर टेबले, खुर्च्या आणि बिअरचे पेले. १९९५ साली येथे शेवटचा चित्रपट दाखविला गेला आणि १९९७ साली ही जागा ‘वेदरस्पून’ या नावाने देशभर पसरलेल्या साखळीतील एक मद्यगृह बनली.

हा काही एकट्या स्टॅफर्डचा प्रकार नव्हे. मँचेस्टरचे १९१४ चे डीन्सगेट पिक्चर हाउस, वेल्समधील लँडडनो गावचे १९२० चे पॅलेडियम, एडिंबरोचे १९२३ चे कॅली, केंट परगण्यात समुद्रकाठी वसलेल्या व्हिट्स्टेबलचे १९३६ चे ऑक्सफर्ड, ही सारी चित्रपटगृहे त्याच एका साखळीत ओवली गेली. व्हिट्स्टेबलच्या मद्यगृहाला तर पीटर कुशिंग या नटाचेच नाव दिले आहे. भयपटांतून प्रेक्षकांची गाळण उडविणारा हा सद्गृहस्थ आयुष्याची अखेरची वर्षे त्या गावात राहत असे.

यात खरी नवलाची गोष्ट निराळीच आहे. एके काळी ब्रिटनमध्ये चित्रपटगृह हे मद्यगृहाचे वैरी समजले जात होते.

ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे लंडनमध्ये प्रथम दिसली ती २० फेब्रुवारी १८९६ रोजी, रीजंट स्ट्रीटवरील पॉलिटेक्निक संस्थेत. त्याच वर्षी ७ जुलैला ती मुंबईच्या वॉट्सन हॉटेलात पोहोचली. प्रारंभी या खेळांना स्वतःचे घर असे नव्हतेच. जत्रेतील तंबू, नाचगाण्यांची नाट्यगृहे, रिकामी दुकाने, मिळेल तेथे पडदा लावावयाचा. परंतु त्या काळची फिल्म नायट्रेटची असे आणि ती भडकन पेट घेई. १८९७ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये एका धर्मादाय बाजारात चित्रपट दाखविताना आग लागली व शंभरावर माणसे, त्यांत बहुतेक स्त्रिया, जळून मेली. त्या भीतीने ब्रिटिश पार्लमेंटने १९०९ साली सिनेमॅटोग्राफ कायदा केला; तो १ जानेवारी १९१० पासून अमलात आला. फिल्म दाखविण्याचे यंत्र न पेटणाऱ्या भिंतींच्या स्वतंत्र खोलीत असले पाहिजे, असे बंधन त्याने घातले. रिकाम्या दुकानांना ते झेपेना. तेव्हा या एकाच कामासाठी बांधलेल्या इमारती भराभर उठू लागल्या. त्यांची नावेही कशी? पॅलेस, एम्पायर, मॅजेस्टिक! गिरणीत दिवसभर उभा राहणारा मजूर दोन-चार पेनी टाकून राजवाड्यात बसू लागला.

नेमक्या याच भरतीच्या काळात, १९१२ साली, धुंडिराज गोविंद फाळके लंडनला गेले होते. ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून त्यांच्या मनाने घेतले होते की, आपल्या देवादिकांची चित्रेही अशीच चालती-बोलती झाली पाहिजेत. त्यांनी तेथे सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन यांच्या बनावटीचा कॅमेरा खरेदी केला आणि परत येऊन १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. स्टॅफर्डचे पिक्चर हाउस हरिश्चंद्राहून एका वर्षाने धाकटे ठरते.

पुढे महायुद्ध आले. दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगार दारू पिऊन कामाला येत नाहीत, ही तक्रार वाढली. जर्मन पाणबुड्यांपेक्षाही मद्य आपले अधिक नुकसान करीत आहे, अशा आशयाचे उद्गार लॉइड जॉर्ज यांनी १९१५ साली काढले आणि त्याच वर्षी मद्यगृहांच्या वेळांवर निर्बंध पडले. दुपारी मद्यगृह बंद ठेवण्याची तेव्हाची सक्ती पुढे १९८८ पर्यंत टिकली. ‘तात्पुरता’ म्हणून केलेला नियम किती दीर्घायुषी असतो, याचे हे एक उत्तम उदाहरण होय. इकडे चित्रपटगृहे दुपारीही उघडी असत. तेथे बाई मुलांना घेऊन जाऊ शकत होती. मद्यगृहात जाणे मात्र कुलीन स्त्रीला शोभत नसे. १९१७ साली सार्वजनिक नीतीविषयक परिषदेने बर्मिंगहॅमच्या बिशपांच्या अध्यक्षतेखाली चित्रपटांची कसून चौकशी केली. अंधारात मुले बिघडतात काय, चोऱ्या शिकतात काय, डोळे खराब होतात काय, असे नाना प्रश्न तेथे निघाले. तथापि चित्रपटगृहांमुळे लोकांची दारू कमी झाली, नवरा आता बायकोबरोबर बाहेर पडतो, असे सांगणारे साक्षीदारही त्या चौकशीपुढे आले होते. चित्रपटाच्या कट्टर टीकाकारांनाही ही एक गोष्ट त्याच्या जमेस धरणे भाग होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्रपटगृहांचे भाग्य कळसास पोहोचले. १९४६ या एका वर्षात ब्रिटनमध्ये सुमारे १६३ कोटी ५० लाख तिकिटे विकली गेली. म्हणजे तान्ह्या मुलापासून अंथरुणावरच्या म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकामागे तीस-पस्तीस खेळ! आणि योगायोग असा की, त्याच वर्षी, ९ फेब्रुवारीस, जॉर्ज ऑर्वेल यांनी ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ पत्रात आपल्या मनातील आदर्श मद्यगृहाचे वर्णन केले. बिहारमधील मोतीहारी येथे जन्मलेल्या या लेखकाने त्या मद्यगृहाला ‘मून अंडर वॉटर’ असे काव्यमय नाव दिले होते. ते आडगल्लीत आहे, तेथे रेडिओ नाही, पियानो नाही, निवांत बोलता येते, वाढणाऱ्या बायकांना गिऱ्हाइकांची नावे ठाऊक आहेत, असे सांगून शेवटी त्यांनी कबूल केले की, असे मद्यगृह अस्तित्वातच नाही.

मग ओहोटी लागली. १९५३ च्या राज्यारोहणाचा सोहळा लोकांनी घरोघरी दूरचित्रवाणीवर पाहिला. १९५५ साली जाहिरातींवर चालणारी दुसरी वाहिनी निघाली. १९६० मध्ये तिकिटांची संख्या ५० कोटींवर उतरली आणि १९८४ मध्ये अवघ्या साडेपाच कोटींच्या घरात आली. रिकाम्या राजवाड्यांना पहिला आश्रय दिला तो जुगाराने. १९६० च्या कायद्याने बिंगोचा मार्ग मोकळा केला. श्रोत्यांपैकी ज्यांनी गोव्यात वा छावणीच्या क्लबात हाउझी खेळली असेल, त्यांना हा खेळ निराळा समजावून सांगावयास नको. जेथे प्रेक्षक श्वास रोखून नायिकेकडे पाहत, तेथे प्रौढ बायका श्वास रोखून आकडे ऐकू लागल्या. बिंगोही ओसरला, तेव्हा वेदरस्पूनची पाळी आली.

या साखळीचे जनक टिम मार्टिन यांनी आपले पहिले मद्यगृह १९७९ साली उत्तर लंडनमधील मझवेल हिल येथे उघडले. वेदरस्पून हे आडनाव त्यांचे नव्हे. न्यूझीलंडमधील शाळेत त्यांना त्या आडनावाचे एक शिक्षक होते आणि त्यांना वर्ग काही केल्या आवरत नसे, असे मार्टिन सांगतात. वर्ग आवरू न शकणाऱ्या मास्तरांचे नाव शेकडो दारांवर सोनेरी अक्षरांत झळकावे, हा मान फार थोड्या शिस्तप्रिय मास्तरांच्या वाट्याला आला असेल.

या नव्या माणसाला जुनी चित्रपटगृहेच का हवी होती? कारण व्यवहाराचे आहे. ब्रिटनमधील बहुतेक मद्यगृहे बिअर गाळणाऱ्या बड्या कंपन्यांच्या मालकीची होती आणि तेथे त्या त्या कंपनीचीच बिअर विकली जाई. १९८९ साली सरकारने ही मक्तेदारी मोडावयास घेतली. पण तोवर बाहेरच्या माणसाला तयार मद्यगृह मिळणे कठीणच होते. त्याने दुसऱ्याच कामाची रिकामी इमारत घ्यावयाची आणि न्यायाधिशांकडून नवा परवाना मिळवावयाचा. म्हणून बँका, टपाल कचेऱ्या, धान्यबाजार, चित्रपटगृहे अशा जागा हेरल्या गेल्या. कॉर्नवॉलमधील बॉडमिन येथे तर मेथडिस्टांचे जुने प्रार्थनामंदिरही या साखळीत गेले. ज्या पंथाने मद्यत्यागाचा सर्वांत मोठा प्रचार केला, त्याच्याच भिंतींत पिंपे लागली!

मँचेस्टरचे डीन्सगेट पिक्चर हाउस १९९५ मध्ये या साखळीत उघडले, तेव्हा ते ब्रिटनमधील सर्वांत मोठे मद्यगृह गणले गेले. त्याला नाव दिले ‘मून अंडर वॉटर’. ऑर्वेलचे आडगल्लीतील घरगुती मद्यगृह अखेर अवतरले, ते हजाराहून अधिक माणसे मावतील अशा दालनात आणि हमरस्त्यावर. एक अट मात्र पाळली गेली: या साखळीत सहसा संगीत वाजत नाही. मोठ्या दालनात माणसांच्या बोलण्याचाच एक सलग गुंजारव भरलेला असतो.

अशा ठिकाणी सकाळी जावे. आठ-नऊच्या सुमारास मद्यपी थोडेच असतात; न्याहारी व स्वस्त कॉफी घेत बसलेली म्हातारी माणसेच अधिक. चित्रपटगृहाला खिडक्या नसतात, म्हणून बाहेर उन्ह असले तरी आत दिवे लागलेले. जमीन मुळात पडद्याकडे उतरती असते. ती सपाट करावी लागते किंवा तिच्या पायऱ्या पाडाव्या लागतात. गालिचा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या नक्षीचा, मुद्दाम विणवून घेतलेला. शौचगृह मात्र बहुधा जिने चढून, बोळ ओलांडून दूर कोठे तरी. वाटेत भिंतीवर गावच्या इतिहासाची चित्रे आणि चार-चार ओळींची माहिती टांगलेली असते. ती वाचणारा गिऱ्हाईक क्वचितच आढळतो. पण ज्या गावात संग्रहालय बंद पडले असेल, तेथे एवढा तरी इतिहास कोणी भिंतीवर लावतो, हे थोडे नव्हे.

याविषयी सर्वांचे एकमत नाही. एडिंबरोच्या कॅली चित्रपटगृहात चित्रपट १९८४ मध्ये थांबले आणि पुढे तेथे संगीताच्या मैफली होऊ लागल्या. ती जागा मद्यगृहाला जाणार असे कळताच हजारो रसिकांनी विरोधाच्या निवेदनावर सह्या केल्या. तरीही २०१६ च्या डिसेंबरात तेथे बार उघडलाच. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. गिलावा वाचला, रंग उजळला, म्हणून वास्तू वाचली असे होत नाही. हजार माणसांनी एकाच दिशेला तोंड करून बसण्यासाठी ती बांधली होती. टेबलाभोवती बसलेली माणसे एकमेकांकडे पाहतात, आणि पडद्याच्या बाजूकडे बहुतेकांची पाठ असते. पण दुसरी बाजूही डोळ्याआड करता येत नाही. स्टॅफर्डची इमारत संरक्षित यादीत असल्याने तिची कमान आणि छत कोणास पाडता येत नाही. परंतु गळके छप्पर दुरुस्त करण्याचा पैसा यादी देत नाही. तो बिअर देते. ज्यांना असा धनी मिळाला नाही, त्या पुष्कळ चित्रपटगृहांच्या जागी आज मोटारी उभ्या करण्याचे तळ आहेत.

केंट परगण्यातील टनब्रिज वेल्स येथे १९०२ साली बांधलेले एक ऑपेरा हाउस आहे. तेही पुढे चित्रपटगृह झाले, मग बिंगोगृह, आणि १९९६ पासून वेदरस्पूनचे मद्यगृह. त्याचे सज्जे आणि पेटीवजा बैठका जागच्या जागी राखल्या आहेत. २००६ पासून तेथे वर्षातून एखादा दिवस ऑपेराचा प्रयोग करण्याचा प्रघात पडला. त्या दिवसासाठी टेबले हलवितात, खुर्च्या ओळीने मांडतात, आणि सगळ्यांची तोंडे पुन्हा रंगमंचाकडे होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी नेहमीप्रमाणे मिळते.