फुप्फुसाचा कर्करोग

श्वासनलिकेच्या फांद्यांचे आतले अस्तर किंवा वायुकोशांच्या भिंती यांतील पेशींची अनिर्बंध वाढ होऊन उद्भवणारा रोग. दुसऱ्या अवयवातून फुप्फुसात पसरलेल्या कर्करोगाला हे नाव देत नाहीत. स्तनाचा कर्करोग फुप्फुसात पोहोचला तरी तो स्तनाचाच मानतात. जगात कर्करोगाने होणारे सर्वाधिक मृत्यू या रोगाने होतात. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र तो विरळा होता. आयझॅक ॲडलर यांनी १९१२ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा इतक्या दुर्मीळ रोगावर लिहिणे सार्थ आहे का, असा प्रश्न त्यांनी स्वतःच उपस्थित केला होता. कारखान्यात वळलेली सिगारेट स्वस्त झाली आणि हा प्रश्न निकालात निघाला.

कारणे : तंबाखूचा धूर हे प्रमुख कारण. १९५० मध्ये रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतील रुग्णांच्या सवयी ताडून धूम्रपानाशी या रोगाचा असलेला संबंध दाखवला. मुंबईत जस्सावाला व जैन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विडी ओढणाऱ्यांना सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षाही अधिक धोका आढळला. विडीत तंबाखू पाव ग्रॅमच्या आसपास, म्हणून ती सौम्य, हा समज खोटा आहे. तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही. दम ओढला नाही की विडी विझते, म्हणून ओढणारा भराभर आणि खोल झुरके घेतो. तिला गाळणीही नसते. ज्यांच्या घरात दुसरे कोणी धूम्रपान करते, त्यांनाही धोका असतो.

धूम्रपान न करणारे रुग्ण भारतात बरेच आढळतात, विशेषतः स्त्रियांत. लाकूड-गोवऱ्यांच्या चुलीचा धूर, ॲस्बेस्टॉसचे तंतू, रेडॉन वायू, आर्सेनिक आणि क्रोमियमची काही संयुगे ही इतर ज्ञात कारणे आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर २०१२ मध्ये आणि बाहेरच्या हवेचे प्रदूषण २०१३ मध्ये निश्चित कर्ककारकांच्या गटात घातले. बंगळूरच्या एचएसआर लेआउटसारख्या वस्तीला हे वर्गीकरण थेट लागू पडते. होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांवरूनच तिला नाव मिळाले, आणि तिच्या कोपऱ्यावरचा सिल्क बोर्ड चौक वाहतूक-कोंडीसाठी देशभर बदनाम आहे. बंद काचांच्या गाडीतला प्रवासी अर्ध्या तासाने सुटतो. चौकातला वाहतूक पोलीस, रिक्षाचालक आणि फेरीवाला दिवसभर तिथेच असतात. तरीही धोक्याचे माप सारखे नाही : नियमित धूम्रपानाने धोका अनेक पटींनी वाढतो, रस्त्यावरच्या हवेने त्या मानाने पुष्कळच कमी. प्रदूषणाकडे बोट दाखवून सिगारेट पेटवणाऱ्याचा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही.

प्रकार : सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसतात त्यावरून दोन मुख्य गट पडतात. लघुपेशी कर्करोग सुमारे १५ टक्के. तो जवळजवळ नेहमी धूम्रपानाशी निगडित असतो, झपाट्याने पसरतो आणि शस्त्रक्रियेच्या आवाक्यात क्वचितच सापडतो. उरलेला गट लघुपेशीतर. त्यातला पट्टकी कर्करोग बहुधा मोठ्या श्वासनलिकांत, तर ग्रंथी-कर्करोग फुप्फुसाच्या कडेकडेला होतो. धूम्रपान न करणाऱ्यांत बहुधा ग्रंथी-कर्करोग आढळतो. त्याच्या पेशींत ईजीएफआर, एएलके यांसारख्या जनुकांतील बदल सापडल्यास नेमके त्यांवर काम करणाऱ्या गोळ्या देता येतात. त्यामुळे जनुकीय तपासणी आता निदानाचाच भाग झाली आहे.

लक्षणे व निदान : तीन आठवड्यांहून जास्त टिकणारा खोकला, थुंकीतून रक्त, धाप, घटणारे वजन, बसलेला आवाज, खांद्यातून हातात उतरणारी कळ. यांतली पहिली चार क्षयाचीही लक्षणे आहेत. भारतात खरी अडचण इथेच होते. क्ष-किरण चित्रात डाग दिसला की थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही टीबीचा कोर्स सुरू होतो, काही महिने जातात आणि गाठ तेवढी वाढते. औषधांनी डाग हटला नाही, तर सीटी स्कॅन, दुर्बिणीने तपासणी आणि गाठीचा तुकडा काढून परीक्षा करणे लांबवू नये. होसूर रस्त्याने शहराकडे जाताना लागणारी, १९७३ मध्ये सुरू झालेली किदवई संस्था ही या भागातली प्रमुख सरकारी कर्करोग संस्था. बंगळूरची कर्करोग नोंदणीही १९८२ पासून तिथेच चालते.

प्रतिबंध : तंबाखू सोडणे हा सर्वांत परिणामकारक उपाय. सोडल्यानंतर सुमारे दहा वर्षांत धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यावर येतो. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर मनाई आहे. ई-सिगारेटवर २०१९ मध्ये बंदी आली. कर्नाटकाने तंबाखू खरेदीचे किमान वय १८ वरून २१ केले आणि हुक्का बार बंद केले. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर सचित्र इशारा छापावा लागतो. पण चहाच्या टपरीवर सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हाती पाकीट येतच नाही. सुट्या विक्रीवर कर्नाटक व महाराष्ट्रात बंदी घालण्यात आली ती यामुळेच. स्वयंपाकासाठी गॅस, ॲस्बेस्टॉस हाताळणाऱ्या कामगारांना संरक्षण आणि डिझेल वाहनांवर नियंत्रण हे पुढचे उपाय.

दीर्घकाळ भरपूर धूम्रपान केलेल्यांत कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने या रोगाने होणारे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी घटतात, असे २०११ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीत दिसले. भारतात जुन्या क्षयाचे व्रण अशा चित्रांत गाठीसारखे दिसून गोंधळ उडवतात, आणि राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुख एवढ्यांचाच समावेश आहे.

तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी राष्ट्रीय मदतवाहिनीचा निःशुल्क क्रमांक १८००-११-२३५६ आहे. बंगळूरचे निम्हान्स आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय ही तिच्या केंद्रांपैकी दोन आहेत.