वऱ्हाडचे इमादशाही घराणे

इमादशाहीचा मूळ पुरुष फत्हुल्ला हा विजयनगरच्या मुलखातल्या ब्राह्मण घरात जन्मला, असे फिरिश्ता सांगतो. लहानपणीच तो बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि वऱ्हाडचा सुभेदार खानजहान याच्या पदरी वाढला. १४७१ मध्ये ती सुभेदारी त्याच्याचकडे आली, इमाद-उल-मुल्क या किताबासह.

वजीर महमूद गावानने सुभेदारांची ताकद कमी करण्यासाठी सुभे तोडले, तेव्हा वऱ्हाडचेही दोन भाग झाले. उत्तरेकडचा गाविल फत्हुल्लाकडे राहिला, दक्षिणेकडचा माहूर खुदावंतखान हबशीकडे गेला. १४८१ मध्ये गावानचा शिरच्छेद झाला, बहमनी राज्य खिळखिळे झाले आणि १४९० मध्ये फत्हुल्ला स्वतंत्र झाला.

त्याची सर्वांत बोलकी खूण गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर आहे. तिथे हत्ती पकडलेला दुतोंडी गंडभेरुंड कोरला आहे. हा पक्षी विजयनगरकडचा, म्हणून त्यात फत्हुल्लाच्या जन्मभूमीची आठवण पाहिली जाते. हे अनुमानच आहे, पण मनाला पटणारे.

मुलगा अलाउद्दीन याने १५१७ नंतर माहूर घेतला. पुढे पाथरी आणि माहूर दोन्ही अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने जिंकले. शेजाऱ्यांना थोपवायला या घराण्याने सोयरिकींचा आधार घेतला. अलाउद्दीनने विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण खदिजा हिच्याशी लग्न केले. त्याचा मुलगा दर्या याने आपली लेक दौलतशहा बेगम हुसेन निजामशहाला दिली. गोदाकाठच्या सोनपेठला हे लग्न लागले. दौलतशहाच्या मनात काय होते, हे कोणत्याही तवारिखेने नोंदवलेले नाही. तहाच्या कलमासारखे तिचे नाव तेवढे उरले.

१५६२ च्या सुमारास दर्या वारला तेव्हा वारस बुऱ्हाण अजाण होता. कारभारी तुफालखानाने त्याला नरनाळ्यावर कोंडून सत्ता बळकावली. विजयनगरविरुद्ध झालेल्या १५६५ च्या तालिकोटच्या लढाईतही वऱ्हाड उतरले नाही. पोराला सोडवण्याचे निमित्त करून मुर्तजा निजामशहा चालून आला; १५७४ मध्ये नरनाळा आणि गाविलगड पडले. बुऱ्हाणची मात्र सुटका झाली नाही. तुफालखानाबरोबर त्यालाही निजामशाहीच्या किल्ल्यात कैदेत टाकले आणि तिथेच दोघे मेले. वऱ्हाड अहमदनगरला जोडले गेले. १५९६ मध्ये ते अकबराकडे गेले.