शब्दांची उलटापालट आणि वेदांची राखण

एखादा मजकूर तोंडातोंडी चालू लागला, म्हणजे तो चार पिढ्याही जशाचा तसा राहत नाही. एखादा शब्द गळतो, एखादा नवा शिरतो, आणि ऐकणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही. असे असता ऋग्वेदाची 1028 सूक्ते आणि त्यांतील दहा हजारांहून अधिक ऋचा लेखणीच्या आधारावाचून, स्वरांसह, शतकानुशतके कशा टिकल्या? याचे उत्तर केवळ अचाट स्मरणशक्ती हे नव्हे. त्यामागे एक युक्ती आहे, आणि ती इतकी आटोपशीर आहे की तिचा नियम एका दमात सांगता येतो. मूळ मजकुरातील पदे सुटी करावयाची, आणि ठरलेल्या क्रमाने ती उलटसुलट करून म्हणावयाची, एवढाच तो नियम.

पुणे जिल्ह्यातील राहू बेटाच्या एका अंगाने भीमा वाहते व दुसऱ्या अंगाने मुळा-मुठा. तेथील शाळकरी पोरासही कळेल असे तीन पदांचे वाक्य घ्यावे : ‘भीमा आग्नेयेस वाहते.’ हे सरळ म्हटले की तो संहितापाठ. पदे तोडून एकेक म्हटली की पदपाठ. ‘भीमा आग्नेयेस, आग्नेयेस वाहते’ अशी दोन-दोन पदांची साखळी जोडली की क्रमपाठ. याच जोड्या सुलट, उलट व पुन्हा सुलट म्हटल्या, म्हणजे ‘भीमा आग्नेयेस, आग्नेयेस भीमा, भीमा आग्नेयेस’ असे करीत पुढे गेले, की वेणीच्या पेडांसारखा गुंफलेला जटापाठ होतो. घनपाठ याहून दाट आहे : ‘भीमा आग्नेयेस, आग्नेयेस भीमा, भीमा आग्नेयेस वाहते, वाहते आग्नेयेस भीमा, भीमा आग्नेयेस वाहते.’ त्यानंतर एक पद पुढे सरकावयाचे आणि तोच फेरा पुन्हा धरावयाचा. जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ आणि घन अशा या आठ विकृती परंपरेने मानल्या आहेत. येथे ‘विकृती’ म्हणजे बिघाड नव्हे, तर मूळ पाठाचे ठरीव रूपांतर होय.

ही खटपट कशासाठी, हे मोजून पाहिले की ध्यानात येते. ज्याच्या मागेपुढे दोन-दोन पदे आहेत, असे ओळीच्या मधले पद संहितेत एकदा येते, क्रमात दोनदा, जटेत सहा वेळा आणि घनात तेरा वेळा. त्यातील कित्येक वेळा ते उलट्या शेजाऱ्यापाशी उभे असते. संस्कृतात शेजार बदलला की उच्चारही बदलतो. ‘नदी अत्र’ यांचा संधी ‘नद्यत्र’ होतो, पण ‘अत्र नदी’ म्हटले तर काहीच बदलत नाही. म्हणून उलट म्हणणाऱ्यास प्रत्येक पदाचे मूळ रूप, त्याचा स्वर व संधीचे नियम पक्के ठाऊक असावेच लागतात. नुसत्या ओघावर भिस्त ठेवणारा तेथे अडखळतो, आणि अडखळला की समोर बसलेला गुरू त्यास तात्काळ धरतो. अर्थाच्या दृष्टीने उलटा पाठ निरर्थक असतो, आणि हीच त्याची खुबी. अर्थाच्या आधाराने शब्द ठोकून देण्याची सोयच त्यात उरत नाही.

ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्याच्या नावावर आहे. क्रमपाठाचे श्रेय परंपरा पांचाल बाभ्रव्यास देते. संधी व उच्चार यांचे नियम प्रातिशाख्यांत बांधले गेले, आणि भाषेच्या अभ्यासास त्यातून जी चालना मिळाली ती पाणिनीच्या व्याकरणाच्या मागे उभी आहे.

महाराष्ट्रात या विद्येस राजाश्रय होता. श्रावणमासात पेशवे पुण्यात विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटीत. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि तो आधार डळमळला. दक्षिणेच्या निधीतून 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली खरी, तथापि नव्या काळात नोकरीचा मार्ग इंग्रजी शाळेतून जात होता. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी 1874 मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त वेदपठणाच्या या प्रकारांचे वर्णन छापले. पुढल्याच वर्षी, 1875 मध्ये, पुण्यात वेदशास्त्रोत्तेजक सभा स्थापन झाली. शंकर पांडुरंग पंडित यांनी अथर्ववेदाची आवृत्ती सिद्ध करताना हस्तलिखितांबरोबर जिवंत वैदिकांचे पठणही पुरावा म्हणून घेतले. ती आवृत्ती त्यांच्या निधनानंतर, 1895 ते 1898 या काळात, मुंबईत प्रसिद्ध झाली. कागद आणि कंठ एकाच पंक्तीस बसले.

मात्र या युक्तीची मर्यादाही सांगितली पाहिजे. राखणदार दाराशी बसण्यापूर्वीच जो दोष घरात शिरला, त्यास तो बाहेर काढू शकत नाही. उलट त्याचीही तो इमानाने राखण करतो. अक्षर राखले जाते, पण अर्थ राखला जातोच असे नाही. घनपाठ अस्खलित म्हणणाऱ्यास ऋचेचा अर्थ ठाऊक असेलच, असा नियम कधीही नव्हता. शिवाय हे भांडार स्त्रिया आणि बहुसंख्य समाज यांस शतकानुशतके बंद होते. ज्या विद्येने एक अक्षर गळू दिले नाही, तिने माणसे मात्र अगणित वगळली. आणि साखळी जितकी अरुंद, तितकी ती एखाद्या पिढीच्या उपेक्षेने तुटण्याचा धोका अधिक.

1950 मध्ये अमेरिकेत रिचर्ड हॅमिंग यांनी संदेशात थोडी जादा चिन्हे घालून चूक हुडकण्याची व दुरुस्त करण्याची रीत प्रसिद्ध केली. संगणकाच्या व्यवहारास तिचा मोठा आधार झाला. आज संगणकाचे जाणकार मजकुराचे तुकडे फिरवण्याचा नियम कमीत कमी अक्षरांत कोण लिहितो, अशी कोडी एकमेकांस घालतात. घनपाठाचा नियम त्यांस घातला, तर तो चार ओळींत बसेल. परंतु यंत्राला जे क्षणात साधते, ते मनुष्याच्या कंठात उतरावयास वर्षे लागतात. युनेस्कोने 2003 मध्ये वेदपठणाच्या परंपरेचा मानवजातीच्या मौखिक वारशाचे श्रेष्ठ उदाहरण म्हणून गौरव केला, आणि 2008 मध्ये ती अमूर्त वारशाच्या यादीत आली. यादीत नाव चढल्याने परंपरा जगत नाही. ध्वनिमुद्रणाने आवाज टिकतो. पण चुकणाऱ्या शिष्यास त्या क्षणी थांबवणारा गुरू मुद्रणात नसतो. तो गुरू, आणि त्याच्यासमोर बसावयास तयार असलेला शिष्य, हे दोघे असतील तोवरच ही राखण जागती आहे.